ऑथोच्या गालावरचा घाव

प्राचीन नाणं कुणा एकाच्या मालकीचं नसतं. ते अखिल मानवजातीचं असतं, आणि आपण फक्त काही काळाचे राखणदार. हे वाक्य आमच्या नाणेसंग्राहक मंडळाच्या पावतीपुस्तकावर छापलेलं होतं आणि ते माझं होतं. १९९४ सालच्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी सकाळी बाबासाहेब मगदुमांनी विजारीच्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून एक मळकट चकती काढली आणि टेबलावरच्या पितळी ताटलीत टण्णकन टाकली, तेव्हा मला प्रथमच कळलं की मानवजातीत मगदूम धरलेले नाहीत.

मंडळ कोल्हापूरचं. बैठक एका वाचनालयाच्या माडीवर भरायची. सभासद नऊ, अध्यक्ष इंगवले वकील. रीत अशी, की ज्याने नवीन काही आणलं असेल त्याने ते ताटलीत ठेवायचं, ताटली टेबलाभोवती फिरायची, आणि फेरी पुरी होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मगदूम शाहूपुरीत पाण्याचे पंप विकत. नाण्यांतलं त्यांना काही कळत नव्हतं. ते मोडीवाल्यांकडून किलोवर नाणी घेत आणि घरी डालडाच्या डब्यात ठेवत. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो, माझी नाणी सागवानी पेटीत निळ्या मखमलीवर असत, आणि त्यातल्या प्रत्येकाचं वजन मला तोंडपाठ होतं.

ताटली माझ्यापुढे आली. चकतीवर राखाडी, जरा हिरवट मळाचं जाड पूट. पण कडेला तीन अक्षरं डोकावत होती, आणि मळाच्या वर केसांच्या ओळी दिसत होत्या. एकाखाली एक, शिस्तीत बसवलेल्या. असे केस माणसाच्या डोक्यावर उगवत नाहीत. ते बसवावे लागतात.

माझ्या कानात गरम व्हायला लागलं.

रोमच्या पहिल्या बारा सीझरांचं प्रत्येकी एक चांदीचं नाणं जमवायचं, हे जगभरच्या संग्राहकांचं जुनं वेड. एकोणीस वर्षांत माझी अकरा झाली होती. पेटीतला आठवा खड्डा रिकामा होता. आठवा म्हणजे ऑथो. टक्कल झाकायला केसांचा टोप घालणारा हा गृहस्थ गादीवर बसला, तीन महिने राहिला आणि स्वतःच्या हाताने खंजीर खुपसून मोकळा झाला. तीन महिन्यांत माणूस नाणी पाडून पाडून किती पाडणार? त्यासाठी मी लंडनच्या व्यापाऱ्यांना पत्रं लिहिली होती. दरवर्षी ‘तूर्त उपलब्ध नाही’ असं छापील कार्ड यायचं. ती कार्डंही मी क्रमाने लावून ठेवली होती.

फेरी संपली.

“मगदूम, काय आणलंय हे?” इंगवले वकिलांनी विचारलं.

“मला काय ठाऊक वकीलसाहेब? निपाणीच्या मोडीवाल्याकडं फुटक्या तांब्याभांड्यांत पडलं होतं. मला वाटलं कोटाचं बटण हाय. सर सांगतील.”

आठ जण माझ्याकडे बघायला लागले. त्या क्षणी मी ‘बटणच आहे’ म्हणालो असतो तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण माणसाच्या ठायी मत्सर जागा होण्याआधी अर्धा मिनिट विद्वत्ता जागी होते, आणि तेवढ्यात घात होतो.

“ऑथो,” मी म्हणालो. “रोमन सम्राट. इसवी सन एकोणसत्तर.”

“चांगला व्हता काय?” मगदुमांनी विचारलं.

“तीन महिनेच होता.”

“अरारा.” त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

मी आवाज शक्य तितका कंटाळलेला ठेवला. “मगदूम, तुमच्याकडे रोमनांचं दुसरं काही नाही. एकटं पडेल ते. मला द्या. बदल्यात माझ्याकडचा सातवाहनांच्या नाण्यांचा पूर्ण संच घ्या.”

मगदुमांनी चकती रुमालात परत गुंडाळली.

“सर, रागावू नका. पण आजवर तुम्ही माझ्याकडं कधी मोडका पैसा मागितला न्हाई. आज मागितला, तवा मला कळालं हे लई भारी हाय. आता कसं देऊ सांगा?”

सगळे हसले. मीही हसलो. मग इंगवले म्हणाले, “निदान साफ तरी करून द्या सर. तुमच्यासारखा हात जिल्ह्यात नाही.”

हे खरं होतं. मंडळातली सगळी सफाई माझ्याकडे असे. मी त्यासाठी नियमही केला होता: साफ करणाऱ्याने मळाखाली काय आढळलं ते चिठ्ठीवर लिहायचं, सही करायची, आणि चिठ्ठी नाण्याबरोबर कायमची राहायची. विनाचिठ्ठीचं नाणं मंडळात मानलं जात नसे. या नियमाचा मला अभिमान होता.

“व्हय, तुम्हीच करा,” मगदूम म्हणाले, आणि रुमालासकट ऑथो माझ्या हातात दिला. पावती नाही, काही नाही.

घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं.

“अय्या, मिळालं शेवटी?” मालू म्हणाली.

“मला नाही. मगदुमांना.”

“पंपवाले? बरं झालं की. आता तुम्हाला पाहिजे तेव्हा जाऊन बघता येईल. लंडनला थोडंच जायचंय?”

मी तिला म्हटलं की तुला यातलं कळत नाही. ती म्हणाली, तेही खरंच आहे, आणि भाजी निवडायला लागली.

मळ काढायला मी फोटोवाल्यांचा हायपो वापरत असे. रोज थोडं बुडवायचं, बांबूच्या काडीने हलकेच खरवडायचं. नऊ दिवस लागले. आधी मान दिसली, मग हनुवटी, मग तो टोप. आणि शेवटी गाल. सांगायला हवं म्हणून सांगतो, इतका सुंदर चेहरा मी नाण्यावर बघितला नव्हता. जरा लठ्ठ, जरा आळशी, समोरच्याचं काही देणं लागत नसल्यासारखा. मागच्या बाजूला हातात फुलांची माळ घेतलेली सुरक्षितता देवी. तीन महिन्यांत मेलेल्या माणसाने नाण्यावर सुरक्षितता छापावी, याचं मला एरवी हसू आलं असतं.

वजन केलं. ठरलेल्या वजनापेक्षा अर्धा ग्रॅम कमी. झिजलं असेल म्हणून सोडून दिलं. मळाला हिरवट छटा का होती, तर तांब्याच्या भांड्यांत लोळत आलं म्हणून. सगळ्याला कारण होतं. मला फक्त एकाच गोष्टीचं कारण सापडत नव्हतं: हे डालडाच्या डब्यात का जावं.

दहाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, मालू भिशीला गेली होती. मी सागवानी पेटी उघडून, शेजारी ऑथो ठेवून बसलो. माझ्या अकरांत टायबेरियस होता, इथलाच, कऱ्हाडकडच्या एका शेतात सापडलेला. त्याच्या तोंडावर आडवा घाव होता. जुन्या काळी रोमचं नाणं आपल्या बंदरात उतरलं की आपला व्यापारी त्यावर छिन्नी मारायचा, आणि आत तांबं तर भरलं नाही ना, हे बघायचा. सम्राटाच्या मुद्रेवर त्याचा विश्वास नव्हता. संग्राहकांना मात्र असा घाव खपत नाही. घाव पडला की नाणं गेलं. टायबेरियसला मी मनातल्या मनात ‘बिचारा’ म्हणत असे.

मी बिचाऱ्याकडे बघितलं. मग ऑथोकडे बघितलं.

चिकटलेली नाणी सुटी करायला माझ्याकडे सोनारांच्या गुजरीतून आणलेली बारीक छिन्नी होती. पाट घेतला, त्यावर शिशाचा तुकडा, त्यावर ऑथो. शेजारच्या घरात मिक्सर सुरू झाला. मी डोळे मिटले आणि एकच घाव घातला, कानापासून हनुवटीपर्यंत.

डोळे उघडले ते घाव झाकण्यासाठीच. ताजा घाव चमकतो. काढलेल्या मळाची पूड, गंधक आणि लाखेचे दोन थेंब यांचा काळा लगदा मी आधीच कालवून ठेवला होता. या ‘आधीच’वर मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. लगदा भेगेत दाबून भरला, वरून पुसला, आणि हात धुवायला गेलो. आरशात माझा चेहरा नेहमीसारखाच होता. कुणालाही वाटलं असतं, हा गृहस्थ आत्ता झोपून उठलाय.

मग नियमाप्रमाणे चिठ्ठी लिहिली: ‘मळाखाली गालावर प्राचीन छेद आढळला. — सु. द. केळवकर.’

मार्चच्या बैठकीत मी नाणं मगदुमांच्या हातात दिलं. त्यांनी ते नाकाजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ आणलं.

“चेहऱ्यावरच बसलाय की हो घाव.”

“मळाखाली होता,” मी म्हणालो. “दुर्दैव.”

“असू द्या सर.” त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं. “तुम्ही हात लावला नसता तर मी कोटाला शिवून टाकलं असतं. आता निदान माणूस हाय हे तरी कळतंय.”

मला अपेक्षा होती की ते हळहळतील, मग कंटाळतील, मग एक दिवस म्हणतील, सर, तुम्हीच ठेवा. घावासकटही मी ते घेतलं असतं. पेटीत टायबेरियसच्या शेजारी घाव खपून गेला असता. म्हणजे बघा, मी काही निव्वळ विध्वंसक नव्हतो. माझी योजना होती.

एप्रिलमध्ये इंगवले वकिलांनी पुण्याहून डॉ. यशोदा पाळंदे यांना व्याख्यानाला बोलावलं. प्राचीन व्यापार हा त्यांचा विषय. साठीच्या, ठेंगण्या, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. व्याख्यान झाल्यावर ताटली फिरली. बाईंनी आमच्या सगळ्यांच्या वस्तू सभ्यपणे बघितल्या. माझ्या अकरा सीझरांना “वा, छान जपलीत” म्हणाल्या. मग ऑथो आला आणि त्यांनी भिंग डोळ्याला लावलं ते पाच मिनिटं खाली घेतलं नाही.

“हे कुणाचं?”

“माझं जी,” मगदूम उभे राहिले. “घाव पडलाय त्याला. माफ करा.”

“माफ काय करा? अहो, घाव आहे म्हणून तर!” बाईंचा आवाज चढला. “आपल्याकडे सापडतात ती बहुतेक ऑगस्टस आणि टायबेरियसची. ऑथो इथे आला होता हे कोण मानणार? घाव नसता तर मीच म्हटलं असतं, कुणीतरी गेल्या वर्षी परदेशातून आणलंय. पण हा आपल्या व्यापाऱ्याचा घाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या माणसाने हे हातात धरून तपासलंय!”

मगदुमांनी नाण्याकडे असं बघितलं की जणू ते आत्ताच जन्मलं.

“साफ कुणी केलं?” बाईंनी विचारलं.

आठ बोटं माझ्याकडे वळली.

“घाव मळाखालीच होता? नीट आठवून सांगा. सगळं त्यावर अवलंबून आहे.”

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. ती सुरू होईपर्यंत बोलायचं नाही, असं मी ठरवलं. ती लगेच सुरू झाली.

“मळाखालीच होता,” मी म्हणालो.

“सरांची सही हाय की!” मगदुमांनी खिशातून चिठ्ठी काढून फडकवली. “आमच्या सरांचा नियमच हाय तसा. सहीशिवाय काम न्हाई.”

“फार उत्तम पद्धत आहे,” बाई मला म्हणाल्या. मग पुन्हा भिंग लावून म्हणाल्या, “आणि हे भेगेतलं काळं बघा. शतकांचं आहे हे. याला कुणी, कधीही, हात लावायचा नाही. हाच पुरावा.”

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण मला ते सविस्तर आठवतं. बाईंचा निबंध छापून आला. त्यात मगदुमांचं नाव सात वेळा होतं आणि माझं तळटीपेत. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला: मगदूम दोन बोटांत ऑथो धरून हसतायत आणि कडेला एक कोपर. ते कोपर माझं. मालूने ते कात्रण फ्रिजवर लावलं. मुंबईहून, बडोद्याहून माणसं नाणं बघायला पंपाच्या दुकानात यायला लागली. मगदूम त्यांना चहा पाजत आणि ऑथोची गोष्ट सांगत. ती दर वेळी वाढत गेली. तीन महिन्यांत मेला म्हणून त्यांनी त्याला पाक संत करून टाकला.

मी एकदा प्रयत्न केला. बाईंना पत्र लिहिलं की, शास्त्रीय तटस्थतेने विचार करता छेद अलीकडचा असण्याची शक्यता सर्वस्वी नाकारता येणार नाही. आठ दिवसांत उत्तर आलं: ‘आपली सचोटी कौतुकास्पद आहे. पण शंकेला जागा नाही. सोबत आपल्याच चिठ्ठीची झेरॉक्स जोडत आहे.’

त्या दिवाळीत मंडळाने मगदुमांचा सत्कार केला. शाल, नारळ, मानपत्र. मानपत्र मी लिहावं असं एकमताने ठरलं, आणि मी लिहिलं. ते मानपत्र चांगलं झालं होतं. अजून लोक म्हणतात.

“सर, खरं तर ही शाल तुमची,” मगदूम माईकवरून म्हणाले. “मला घाव दिसला व्हता, सरांना इतिहास दिसला.”

टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली. लोकांनी तो विनय धरला.

घरी येताना मालू म्हणाली, “किती मोठ्या मनाचे आहात हो तुम्ही. दुसरा कुणी असता तर जळला असता.”

“रिक्षा बघ,” मी म्हणालो.

यानंतर वीस वर्षं दर महिन्याला मी तो ऑथो बघितला. मगदूम प्रत्येक बैठकीला तो आणायचे, बहुधा माझ्यासाठीच. “घ्या सर, बघून घ्या,” म्हणून आधी माझ्यापुढे ताटली सरकवायचे. सांगितलं असतं तर? अनेकदा तोंडापर्यंत आलं. पण सांगितल्याने मगदुमांचं जेवढं गेलं असतं त्याहून माझं जास्त गेलं असतं, आणि हे अंतर मला मंजूर नव्हतं. दुसरा ऑथो मी घेतला नाही. एकदा लंडनहून ‘उपलब्ध आहे’ असं कार्ड आलं होतं. मी उत्तरच दिलं नाही. मला ऑथो नको होता. मला मगदुमांचा ऑथो हवा होता.

२०१४ च्या पावसाळ्यानंतर मगदूम गेले. तेराव्यानंतर त्यांचा मुलगा अशोक घरी आला. तोही पंपच विकतो, पन्नाशीचा आहे. त्याने टेबलावर एक छोटी डबी ठेवली.

“बाबांनी लिहून ठेवलंय. बाकी सगळं म्युझियमला. हे केळवकर सरांना.”

“मला? का?”

“ते म्हणायचे, हे नाणं सरांइतकं कुणी बघितलेलं न्हाई.” अशोकने चहा संपवला. “अजून एक म्हणायचे. पहिल्या दिवशी तुम्ही मागितलं व्हतं आणि त्यांनी दिलं न्हाई. त्याचं त्यांना लई लागून राहिलं व्हतं. वीस वर्षं. पण द्यायचं म्हटलं तर लोक बघायला येतात, त्यांना काय दाखवायचं?”

मी काहीतरी बोललो असेन. तो नमस्कार करून गेला. मालू आत देवापाशी होती.

मी सागवानी पेटी आणली. आठव्या खड्ड्यातली मखमल बाकीच्यांपेक्षा निळी होती, कारण ती कधी दबलीच नव्हती. डबी उघडली. वर माझी चिठ्ठी, घडीवर पिवळी पडलेली. खाली ऑथो. तसाच आळशी, तसाच लठ्ठ, कानापासून हनुवटीपर्यंत माझं अक्षर घेऊन बसलेला.

डबी हातावर उपडी केली. नाण्याबरोबर तळव्यावर एक काळी काडी पडली, तांदळाच्या दाण्याएवढी. वीस वर्षांत लाख सुकली होती. लगदा भेगेतून सबंध सुटून आला होता.

भेग रिकामी झाली होती. ती घातल्यापासून मी तिच्या आत कधी बघितलं नव्हतं. घालताना डोळे मिटलेले होते, नंतर भरायची घाई होती, आणि त्यानंतर तिला हात लावायला सगळ्यांनाच बंदी होती.

खिडकीपाशी गेलो. ऊन चांगलं होतं. भिंग लावलं.

आत तांबं होतं.